वाचकांचे प्रश्न: व्हॉल्व्हची स्प्रिंग किती कडक, रॉकर कुठला?

या वेळच्या पाच पत्रांचा विषय एकच आहे: हेडवरचं, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातल्या व्हॉल्व्ह, स्प्रिंगा आणि रॉकर यांचं काम. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलं आहे. पुढच्या बहुतेक शंकांचं मूळ त्यातच सापडतं, म्हणून ते तसंच ठेवलं.

प्रश्न: माझ्याकडे 2010 ची कॅमारो एसएस आहे, मॅन्युअल गिअरची, एलएस3 इंजिनाची. कॅम बदलतो आहे, नव्या कॅमची लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघड, 0.600 इंच आहे. स्प्रिंगा बदलाव्या लागतील हे कळतं, पण कुठल्या? त्यासोबत 1.8 रेशोचे ॲल्युमिनियमचे रोलर रॉकरही बसवावेत असं दुकानदार सुचवतो. हेड न उतरवता हे काम घरी होईल का? (ट्रॉय, मिशिगन)

होईल. फक्त माल मागवण्याआधी थोडं गणित करा.

तुमच्या इंजिनाचा कंपनीचा कॅम इनटेक व्हॉल्व्ह 0.551 इंच, म्हणजे 14 मिलिमीटर उचलतो, आणि इंजिनाची मर्यादा 6600 आरपीएम आहे. मूळची मधमाशांच्या पोळ्याच्या आकाराची, वर निमुळती होत गेलेली एकेरी स्प्रिंग या दोन आकड्यांसाठी बनवलेली आहे. व्हॉल्व्ह बंद असताना तिचा दाब सुमारे 40 किलो असतो. 6600 आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 55 वेळा उघडतो आणि मिटतो. उघडण्याचं काम कॅम करतो (तो लिफ्टरला ढकलतो, लिफ्टर पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबतो), मिटवण्याचं काम एकट्या स्प्रिंगचं. कॅमच्या उतारावर रॉकर, पुशरॉड आणि लिफ्टर यांना कॅमला चिकटवून ठेवणंही तिच्याच अंगावर. तिची ताकद कमी पडली की व्हॉल्व्ह कॅमला सोडून हवेत राहतो आणि परत येताना सीटवर आपटून उसळतो. याला व्हॉल्व्ह फ्लोट म्हणतात. लागणारी ताकद आरपीएमच्या वर्गाप्रमाणे वाढते: 6600 वरून 7200 ला गेलात तर आरपीएम वाढले नऊ टक्के, पण स्प्रिंगवरचा भार वाढला जवळजवळ एकोणीस टक्के.

आता तुमच्या लिफ्टचा हिशोब. दुहेरी, म्हणजे आत एक आणि बाहेर एक अशी स्प्रिंग घ्या. समजा तिच्या कागदावर तीन आकडे आहेत: 1.800 इंच (45.72 मिमी) उंचीवर दाब 63.5 किलो, पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला 6.8 किलोची वाढ, आणि सगळे वेढे एकमेकांना टेकतात ती उंची 27.4 मिमी. तुमचा व्हॉल्व्ह 15.24 मिमी उघडेल. म्हणजे पूर्ण उघड्यावर दाब 63.5 अधिक 103.6, साधारण 167 किलो. तेव्हा स्प्रिंगची उंची 30.48 मिमी, वेढे टेकायला 3 मिमी शिल्लक. किमान 1.5 मिमी शिल्लक लागतेच, म्हणजे ही स्प्रिंग चालेल. हे तीन आकडे ज्या पुडक्यावर नाहीत, ते पुडकं घेऊ नका, किंमत कितीही आकर्षक असो.

"जितकी कडक तितकी चांगली" हे खरं नाही. 167 किलो हा व्हॉल्व्हच्या टोकावरचा दाब झाला. मूळ रॉकरचा रेशो, म्हणजे लिफ्टरच्या किती पट व्हॉल्व्ह हलतो तो आकडा, 1.7 असल्यामुळे लिफ्टरच्या रोलरवर आणि कॅमवर तो 284 किलो होतो. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग घेतली की रोलरच्या सुया, कॅमचा पृष्ठभाग आणि पुशरॉड फुकट झिजतात. तुमच्या कॅमबरोबर कॅम बनवणाऱ्याने जी स्प्रिंग सुचवली असेल, तीच घ्या. कॅमचा चढ-उतार किती तीव्र आहे हे त्याला माहीत असतं, आणि नुसत्या लिफ्टच्या आकड्यावरून ते कळत नाही.

रॉकरच्या बाबतीत आमचं मत स्पष्ट आहे: 1.8 घेऊ नका, ॲल्युमिनियमचेही नकोत. 1.8 घेतलेत तर 0.600 ची लिफ्ट 0.635 इंच होते, व्हॉल्व्ह आणखी 0.9 मिमी उघडतो. वेढ्यांची शिल्लक 3 वरून 2.1 मिमीवर येते, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर घटतं, लिफ्टरवरचा दाब 312 किलोवर जातो. कॅम बदलतच आहात, तर हवी ती लिफ्ट कॅममध्येच घ्या. आणि एलएस3 चा मूळ ओतीव पोलादी रॉकर दणकट आणि हलका आहे. वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे महत्त्वाचं. व्हॉल्व्हच्या बाजूचं प्रत्येक ग्रॅम स्प्रिंगला पूर्ण ओढावं लागतं. पुशरॉडच्या बाजूचं ग्रॅम रेशोच्या वर्गाने भागून, म्हणजे 1.7 ला सुमारे एक तृतीयांशच जाणवतं. रोलर रॉकरचं जाड नाक आणि त्यातला रोलर नेमके चुकीच्या टोकाला असतात. याच हिशोबाने पुशरॉड थोडा जड पण ताठ घेणं फायद्याचं: 5/16 इंच व्यासाचा, 0.080 इंच जाडीच्या भिंतीचा. वाकणारा पुशरॉड आधी धनुष्यासारखा दबतो आणि मग व्हॉल्व्हला उडवतो. तो फ्लोट स्प्रिंग कितीही कडक केली तरी जात नाही.

मूळ रॉकरचा एक दोष मात्र खरा आहे. त्याच्या मधल्या आसाला, ज्याला ट्रनियन म्हणतात, सुयांचे बेअरिंग असतात आणि त्या सुयांना धरून ठेवणारा पिंजरा नसतो. कडक स्प्रिंग आणि जास्त लिफ्ट आली की बेअरिंगची टोपी सरकते आणि सुया ऑइलमध्ये गळतात. सेंटिमीटरभराच्या या बारीक सुया मग ऑइल पंपाकडे जातात. म्हणून सोळाही रॉकरांचे ट्रनियन बदला. बंदिस्त सुयांचे बेअरिंग किंवा काशाचे बुश, दोन्ही मिळतात. रस्त्यावरच्या गाडीला आम्ही बुश सुचवतो. त्यात गळण्यासारखं काही नसतं आणि झीज झाली तर ऑइलमधली सोनेरी चमक आधी सांगते. जुने बेअरिंग हातोड्याने नको, प्रेसवरच काढा. नवे बसवल्यावर रॉकर बोटाने फिरवून पाहा: सहज फिरला पाहिजे, खाली-वर डुगडुगता कामा नये.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण थंड हवं. कॉइल आणि व्हॉल्व्ह कव्हर काढा, सगळे स्पार्क प्लग काढा. रॉकर आणि पुशरॉड ज्या जागेचे त्याच जागी परत जातील असे पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा. इनटेकचा रॉकर बाजूला वळलेला असतो, एक्झॉस्टचा सरळ, ते मिसळू नका. हेडवरच्या ऑइल परतीच्या भोकांत फडकी कोंबा, आणि किती कोंबली ते लिहून ठेवा.

तुमच्या इंजिनाचा फायरिंग क्रम 1-8-7-2-6-5-4-3 आहे. म्हणून पिस्टन जोडीने वर येतात: 1 आणि 6, 8 आणि 5, 7 आणि 4, 2 आणि 3. एक जोडी वर आणली की त्या दोन सिलिंडरच्या चारही स्प्रिंगा बदलून घ्या. पिस्टन वर असल्याने व्हॉल्व्ह सुटला तरी खाली पडत नाही. प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरलीत तर व्हॉल्व्ह वरच दाबून राहतो. हवा भरताना क्रँकच्या बोल्टवर पाना ठेवू नका, पिस्टन थोडा जरी पुढे-मागे असेल तरी पाना जोरात फिरतो.

स्प्रिंग दाबण्याआधी रिटेनरवर, म्हणजे स्प्रिंगच्या माथ्यावरच्या टोपीवर, योग्य मापाचा सॉकेट ठेवून नायलॉनच्या हातोडीने एक टोला द्या. चिकटलेले कॉटर, म्हणजे रिटेनरला दांडीवर अडकवणाऱ्या पाचरी, सुटतात. नाहीतर स्प्रिंग दाबायच्या अवजाराने दाबत राहता, रिटेनर खाली जात नाही आणि मग कॉटर एकदम उडतात. चुंबक हाताशी ठेवा.

मूळ सील आणि स्प्रिंगची बैठक एकाच तुकड्यात असते. दुहेरी स्प्रिंगला वेगळी बैठक आणि वेगळं सील लागतं, ते संचात आहे ना ते आधी बघा. व्हॉल्व्हची दांडी 8 मिमीची आहे. कॉटर आणि रिटेनर यांचा कोन एकच हवा, सात अंशांचे कॉटर दहा अंशांच्या रिटेनरमध्ये बसल्यासारखे दिसतात पण कडेवरच धरतात. सील बसवताना दांडीच्या खाचेवर प्लॅस्टिकची टोपी चढवा; ती खाच सीलची ओठी कापते आणि गाडी महिन्याभरात निळा धूर सोडू लागते.

लोक टाळतात ती पायरी पुढची आहे. सोळाही व्हॉल्व्हची बसवलेली उंची मोजा: स्प्रिंग न घालता बैठक, रिटेनर आणि कॉटर लावून, उंचीच्या मायक्रोमीटरने. कुठे 45.7 येईल, कुठे 46.2. अर्ध्या मिलिमीटरला तुमच्या स्प्रिंगचा दाब 3.4 किलोने बदलतो. 0.015, 0.030 आणि 0.060 इंची शिम, म्हणजे पातळ चकत्या, मिळतात, त्यांनी सगळ्या उंच्या पाव मिलिमीटरच्या आत आणा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना रिटेनरचा तळ आणि सीलचा माथा यांतही किमान 1.5 मिमी अंतर हवं.

नव्या कॅममुळे पुशरॉडची लांबीही पुन्हा मोजावी लागते. मूळचा 7.400 इंची आहे. कॅमच्या पाठीचा गोल बदलला तर तो आखूड किंवा लांब ठरतो. लांबी जुळवता येणाऱ्या पुशरॉडने शून्य अंतराची लांबी काढा आणि त्यात लिफ्टर बनवणाऱ्याने सांगितलेली दबण्याची लांबी (प्रीलोड) मिळवा. रॉकरचे बोल्ट आवळण्याचा क्रम असा: 1 नंबर कॉम्प्रेशनला वर असताना एक्झॉस्टचे 1, 2, 7, 8 आणि इनटेकचे 1, 3, 4, 5, मग क्रँक एक पूर्ण फेरा फिरवून एक्झॉस्टचे 3, 4, 5, 6 आणि इनटेकचे 2, 6, 7, 8. सगळे 30 न्यूटन-मीटर, टॉर्क पान्यानेच. आटे ॲल्युमिनियमच्या हेडात आहेत.

पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर शाडूसारख्या मऊ मातीची पट्टी पिस्टनवर ठेवून, क्रँक हाताने दोन फेरे फिरवून तपासता येतं, पण त्यासाठी हेड उतरवावं लागतं. हेड जागेवर असताना त्या व्हॉल्व्हवर हलकी तपासणी-स्प्रिंग आणि डायल गेज लावा. कडक स्प्रिंगखाली हायड्रॉलिक लिफ्टर दबून अंतर खोटं दाखवतो, म्हणून मोजणीपुरती हलकीच स्प्रिंग ठेवा. इनटेकला 2 आणि एक्झॉस्टला 2.5 मिलिमीटरच्या खाली जाऊ नका.

पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन मध्यम आरपीएमवर ऑइल नीट तापेपर्यंत चालवा, मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. नव्या स्प्रिंगा या पहिल्या तापण्यात बसतात आणि दाब थोडा सोडतात. थेट लाल रेषेपर्यंत नेलीत तर हाच दाब नको तिथे, नको तितका सुटतो.

त्या वर्षीच्या ऑटोमॅटिक गिअरच्या कॅमारो एसएसमध्ये एल99 इंजिन होतं. त्याचे 1, 4, 6 आणि 7 हे सिलिंडर कमी भाराला बंद होतात, कारण तिथले लिफ्टर वेगळे, खिट्टीचे आहेत. हा हिशोब त्याला जसाच्या तसा लावू नका.

प्रश्न: स्प्रिंगच कमी पडते आहे, की पेट्रोल वा इग्निशन, हे गाडी न उघडता कसं ओळखायचं? (पुणे)

फ्लोट ठरावीक आरपीएमलाच येतो आणि भाराशी त्याचा फारसा संबंध नसतो. तिसऱ्या गिअरमध्ये 6200 ला इंजिन अडखळत असेल, तर दुसऱ्यातही 6200 लाच अडखळेल. पेट्रोल कमी पडत असेल तर दोष भाराबरोबर वाढतो: वरच्या गिअरमध्ये, चढाला, लांब खेचताना आधी दिसतो. स्पार्क कमकुवत असेल तर जास्तीत जास्त टॉर्कच्या पट्ट्यात, म्हणजे सिलिंडरमधला दाब सर्वांत जास्त असताना, मिसफायर होतो. तो लाल रेषेची वाट पाहत नाही.

डायनोचा, म्हणजे पॉवर मोजणाऱ्या यंत्राचा, कागद असेल तर तोही बघा. पॉवरची रेषा गुळगुळीत उतरत असेल तर कॅमचा दम संपला. करवतीच्या दात्यांसारखी थरथरत तुटत असेल तर व्हॉल्व्ह उसळतो आहे. अशा इंजिनाचं लीकडाउन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजण्याची चाचणी, करून घ्या, आपटलेला व्हॉल्व्ह सीटवर पुन्हा नीट बसत नाही.

प्रश्न: ऑटोक्रॉससाठी 16 व्हॉल्व्हच्या इंजिनाची जुनी जिप्सी वापरतो. वरच्या आरपीएमला दम राहत नाही. मेकॅनिक म्हणतो, स्प्रिंगखाली एकेक वॉशर टाकू, काम होईल. टाकू का? (नाशिक)

न मोजता टाकू नका. वॉशरने स्प्रिंग आधीच दबते, बसलेला दाब वाढतो हे खरं. पण एक मिलिमीटरचा वॉशर वेढे टेकायची शिल्लकही एका मिलिमीटरने खातो. शिल्लक संपली की व्हॉल्व्ह पूर्ण उघडण्याआधी स्प्रिंग घन नळकांडं होते आणि कॅमचा पूर्ण जोर रॉकरवर येतो. मग रॉकर तुटतो, नाहीतर कॅम खरवडला जातो.

त्याआधी जुन्या स्प्रिंगांची अवस्था बघा. सोळाही काढून सपाट प्लेटवर उभ्या करा आणि गुण्या लावा. जी कलली आहे ती व्हॉल्व्हची दांडी एका अंगाला ढकलते, ती बाद. मग दाब मोजायचा. त्याला महागडं यंत्र लागत नाही: ड्रिल मशीनच्या टेबलावर शंभर किलोपर्यंतचा डिजिटल वजनकाटा ठेवा, त्यावर सपाट पोलादी तुकडा, त्यावर स्प्रिंग. वर चकमध्ये सपाट तोंडाचा दांडा धरा, मशीन बंद ठेवून हँडलने खाली दाबा आणि व्हर्नियरने बसलेली उंची आली की काटा वाचा. डोळ्याला चष्मा लावा. सोळा आकडे एका ओळीत लिहिलेत की दोन-तीन दुबळ्या स्प्रिंगा आपोआप उघड्या पडतात, आणि बहुतेक वेळा दमाचं दुखणं त्या दोन-तिनांतच असतं. मॅन्युअलच्या मर्यादेखाली असलेल्या एकट्या न बदलता संपूर्ण संच बदला.

या इंजिनाचे रॉकर शाफ्टवर असतात आणि कॅमवर रोलर नव्हे, पाठ घासत चालते. म्हणून कडक स्प्रिंगची किंमत इथे एलएसपेक्षा लवकर मोजावी लागते. रॉकर काढले की त्यांची घासणारी पाठ नखाने तपासा. नख अडकलं तर रॉकर आणि कॅमचा तो लोब (उंचवटा) दोन्ही गेले. एकट्याला नवा जोडीदार दिला तर तो नव्यालाही खातो. इनटेक आणि एक्झॉस्टचे शाफ्ट खुणा करून काढा, ऑइलची भोकं मूळ दिशेलाच परत यायला हवीत. घासणाऱ्या पाठीला ऑइलमधलं झिंक आणि फॉस्फरस वाचवतं. नव्या मोटारींसाठीच्या पातळ, इंधन वाचवणाऱ्या ऑइलमध्ये फॉस्फरसला 800 पीपीएमची कमाल मर्यादा असते, ते या कामाला कमी पडतं.

टॅपेट सेटिंग करताना ॲडजस्टिंग स्क्रूचं टोक आणि व्हॉल्व्हच्या दांडीचा माथा निरखून बघा. माथ्यावर वाटीसारखा खड्डा पडला असेल तर फिलर गेजची सपाट पाती खड्ड्याच्या काठांवर टेकते, खड्ड्यात उतरत नाही. गेज बरोबर दाखवतं आणि खरं अंतर जास्त असतं. टकटक जात नाही म्हणून लोक स्प्रिंगला दोष देतात. स्क्रू बदलला की आवाज थांबतो.

स्पर्धेच्या गटात हे बदल चालतात का, ते आयोजकांच्या आणि एफएमएससीआयच्या, म्हणजे देशातल्या मोटर स्पर्धांच्या संघटनेच्या, नियमांत आधी वाचून घ्या. साध्या गटात वॉशरसुद्धा बाद ठरू शकतो.

प्रश्न: जुन्या शेवी 350 ला कडक स्प्रिंगा बसवल्या. दोन आठवड्यांत दोन रॉकर ढिले झाले. नट तर तसेच आहेत! (ह्यूस्टन, टेक्सास)

नट तसेच आहेत, कारण स्टड वर आला आहे. जुन्या हेडमधले 3/8 इंची स्टड नुसते दाबून बसवलेले असतात, कडक स्प्रिंग त्यांना हळूहळू उपटते. सरळ पट्टी सगळ्या स्टडांच्या माथ्यावर धरा, उंच झालेले लगेच दिसतील. ठोकून परत बसवू नका. हेड मशीन शॉपला देऊन बैठका छाटून, आटे पाडून 7/16 चे स्क्रूचे स्टड आणि गाइड प्लेटी बसवा. गाइड प्लेट आली की पुशरॉड कठीण केलेलेच हवेत, साधे प्लेटीवर करवतासारखे कापले जातात. आणि नाकाला दोन कान असलेले, स्वतःच मध्यभागी राहणारे रॉकर गाइड प्लेटीबरोबर कधीही वापरू नका. दोन ठिकाणी दिशा मिळाली की रॉकर अडकतो. हायड्रॉलिक लिफ्टरला पुशरॉडचा खाली-वर खेळ संपला की तिथून अर्धा फेरा पुढे आवळा आणि लॉक करा.

प्रश्न: स्प्रिंगांचा संच पावसाळ्याआधी आला, काम दिवाळीनंतर. ठेवायच्या कशा? (रत्नागिरी)

ऑइलमध्ये बुडवून, झाकणाच्या डब्यात. कोकणातल्या हवेत कागदाच्या पुडक्यातली स्प्रिंग ऑगस्टपर्यंत तांबेरते. तांबेरा पुसला जातो, त्याखालचा टाचणीच्या टोकाएवढा खड्डा राहतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. याच कारणाने स्प्रिंग पक्कडीत किंवा व्हाइसच्या दातांत धरू नका, नंबर कोरू नका. दुहेरी संच असेल तर आतली-बाहेरची जोडी वेगळी करू नका. त्या एकमेकींत घट्ट बसवलेल्या असतात आणि त्या घासणीनेच थरथर मरते. बसवायच्या दिवशी रॉकेलने धुऊन, उजेडात फिरवून वेढान् वेढा बघा. तांबूस ठिपका दिसला ती स्प्रिंग बाजूला ठेवा आणि तिच्या जागी दुसरी मागवा.